घोकंपट्टी करणारा विद्यार्थी आणि आपल्या कथा

मराठी कादंबरीत महाविद्यालय आले ते प्रथम प्रेमकथेच्या निमित्ताने. प्रा. ना. सी. फडके यांच्या नायकनायिकांना महाविद्यालय हे मुख्यतः भेटीगाठींचे स्थळ म्हणून उपयोगी पडले. परीक्षेत त्यांचे काय होणार याची चिंता वाचकांस फारशी नसे, आणि नायकास तर त्याहूनही नसे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) ही सजावट मोडून काढली. खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर परक्या शहरात हळूहळू कसा उसवत जातो, हे त्या कादंबरीने ज्या निर्दय विनोदाने दाखविले तो विनोद आपल्या वाङ्मयास तोवर अपरिचित होता. तथापि पांडुरंगाच्या अपयशातही एक प्रकारची चैन आहे, हे आता साठ वर्षांनंतर म्हणावयास हरकत नसावी. तो सधन बापाचा पैसा उधळू शकतो आणि सर्व फसल्यावर गावी परत येऊ शकतो. शिवाय त्याचे भांडण आयुष्याशी आहे. अभ्यासाच्या विषयाशी त्याचे फारसे देणेघेणे नाही.

ज्याचा झगडा प्रत्यक्ष विषयाशीच आहे असा विद्यार्थी पाहावयाचा असेल तर चंद्रपूरकडे वळावे. तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये निघाले. गडचिरोली जिल्हा त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, चंद्रपुरापासून वेगळा झालेला होता. परंतु अरण्ये आणि नद्या सरकारी आदेशाने विभागल्या जात नाहीत, आणि अहेरी, सिरोंचा, भामरागड या बाजूंच्या मुलास अभियंता होण्यासाठी घर सोडावेच लागते. प्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात चालतात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडल्याच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. शेवटच्या फेरीत ज्याला जागा मिळते तो वर्गात येऊन बसतो तेव्हा गणिताचे पहिले प्रकरण उरकलेले असते. नवागतांच्या स्वागतासाठी तीन आठवड्यांचा जो परिचयवर्ग अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आखून दिला आहे, त्याचाही लाभ नेमका ज्याला हवा त्यालाच अपुरा मिळतो.

या मुलास इंग्रजी येत नाही, असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. वस्तुस्थिती याहून चमत्कारिक आहे. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला. बल, त्वरण, संवेग, अपवर्तनांक हे शब्द त्याने कष्टाने आपलेसे केले, आणि न्यूटनचा दुसरा नियम त्याला समजलाही होता. अकरावीस विज्ञान शाखेत शिरताच हीच ओळखीची मंडळी फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम अशी नावे धारण करून परक्यासारखी समोर उभी राहिली. ज्याला जे ठाऊक होते तेच त्याच्या हातून काढून घेतले गेले. पुढील दोन वर्षे पुस्तक इंग्रजी व समजावणे मराठी अशा दुहेरी वाटेवर गाडा कसाबसा चालतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी पुष्कळदा तोही आधार सुटतो. आणि ज्याची मायबोली माडिया किंवा गोंडी, अथवा सिरोंच्याकडे तेलुगू, त्याला मराठी तरी कोठे घरी भेटलेली असते? इंग्रजी ही त्याच्या शिक्षणातील तिसरी भाषा. अशा स्थितीत मुलगा काय करतो? पाठ करतो. व्याख्या, सिद्धता, आकृतीखालील टीप, सर्व काही पाठ करतो.

आता या पाठांतराकडे आपण सुशिक्षितांनी कोणत्या दृष्टीने पाहिले ते पाहू. अभियांत्रिकीच्या वसतिगृहाचे चित्र मराठी घरांत पोहोचले ते मराठी पुस्तकातून नव्हे. चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ ही इंग्रजी कादंबरी २००४ मध्ये आली, आणि तिच्या आधाराने मूळ नागपूरच्याच राजकुमार हिरानी यांनी २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट काढला. तो सहकुटुंब पाहिला नाही असे मध्यमवर्गीय घर विरळा. त्यातील दोन प्रसंग सर्वांस स्मरत असतील. एकात यंत्राची व्याख्या विचारली असता रँचो ती साध्या शब्दांत सांगतो व वर्गाबाहेर घालविला जातो. चतुर रामलिंगम पुस्तकी व्याख्या घडघडा म्हणतो व शाबासकी मिळवितो. दुसऱ्यात, ज्याला हिंदी नीट येत नाही असा हाच चतुर दुसऱ्याने लिहिलेले हिंदी भाषण पाठ करून व्यासपीठावर उभा राहतो. रँचोने त्यातील शब्द आधीच बदलून ठेवलेले असतात, आणि चतुरच्या तोंडून अश्लील वाक्ये बाहेर पडून सारे सभागृह हसू लागते.

चित्रपटगृहही हसले. मात्र आपण हसलो ते कोणाला? जी भाषा आपली नाही तीत मान मिळविण्याची ज्याच्यावर पाळी आली, आणि जो केवळ स्मरणशक्तीच्या बळावर तेथे उभा राहिला, अशा मुलाला. चतुर मत्सरी व लोचट रंगविला आहे म्हणून त्याची दया येत नाही, इतकेच. साध्या शब्दांत व्याख्या सांगण्याची रँचोची ऐट मोठी मोहक आहे खरी. परंतु ऐन वेळी साधे शब्द सुचावयास ती भाषा अंगवळणी पडलेली असावी लागते. ज्याच्यापाशी तशी भाषा नाही त्याला पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे धरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. गडचिरोलीचा मुलगा त्या चित्रपटात शोधू लागल्यास तो रँचोच्या नव्हे, चतुरच्या जागी सापडेल. दिग्दर्शकाने घोकंपट्टीवर कोरडे ओढले ते योग्यच. फक्त ते कोणाच्या पाठीवर पडले हे त्यांनी पाहिले नाही, आणि आम्ही प्राध्यापकांनीही टाळ्याच वाजविल्या.

घोकंपट्टी हा त्या मुलाचा स्वभाव नव्हे, याचा पुरावा पहिल्याच वर्षाच्या वेळापत्रकात मिळतो. कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चारी बाजूंनी काटकोनात आणावयाचा असतो. गुण्या लावला की फट दिसते किंवा दिसत नाही. तेथे पाठांतराला जागाच नाही, आणि हाच मुलगा निमूटपणे, नीट काम करताना दिसतो. ड्रॉइंगच्या तासास एकच वस्तू समोरून, वरून व बाजूने पाहावयाची असते. आपल्याकडे शिकविल्या जाणाऱ्या ‘फर्स्ट अँगल’ पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. ही उलटापालट शहरातल्या मुलालाही तितकीच गोंधळविते. एरवी पुढे असणारा आणि मागे असणारा, दोघेही तेथे खोडरबर घेऊन सारखेच घाम गाळतात. या एका तासावर उत्तम कथा होऊ शकेल.

२०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी मिळाली आहे, व पुण्याकडे तसा वर्गही उघडला गेला. त्याचे स्वागत करावे. परंतु नोकरीच्या मुलाखतीची भाषा बदललेली नाही हे बापास ठाऊक असते, आणि भामरागडच्या मुलाला संस्कृतप्रचुर परिभाषा इंग्रजीइतकीच दूरची वाटली तर त्यात नवल नाही.

वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके करतात. हिवाळी परीक्षांचा काळही साधारण तोच. मुलगा खोलीत व्याख्या पाठ करीत असतो तेव्हा त्याचे आईबाप एखाद्या मंडपात जागत बसलेले असणे अगदी शक्य आहे. पुण्यामुंबईच्या कादंबरीकारापूर्वी झाडीपट्टीच्या एखाद्या नाटककाराने हा मुलगा रंगमंचावर आणला, तर त्याच्या तोंडी कोणती भाषा घालावी हा प्रश्न त्याला आमच्याहून खचित सोपा जाईल.