घड्याळाचे गाणे

गेल्या हनुक्काला आमच्या गावच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये कार्यक्रम होता. दिवे लावून झाले, सुफगानियोत खाऊन झाले आणि पेटी वाजवणारे गृहस्थ जरा पाणी प्यायला उठले. तेवढ्यात कोणीतरी आपला मोबाइल स्पीकरला जोडला. घड्याळाचे तास मोजणारा एक पुरुषी आवाज आणि दर मोजणीनंतर ढोलाचा सणसणीत ठोका. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई, ज्यांना वॉकरशिवाय दोन पावले टाकता येत नाहीत, त्या वॉकर धरूनच ताल देऊ लागल्या. माझी नात शेजारी बसली होती. ती हसून म्हणाली, "सावता, हे तुम्हा म्हाताऱ्यांचं गाणं ना?"

मी मान डोलावली, पण रात्रभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण गाणे होते 'रॉक अराउंड द क्लॉक'. याच गाण्याच्या नावाने १९५६ साली आलेल्या चित्रपटावर इंग्लंडातल्या काही शहरांनी बंदी घातली होती. तरुण मुले थिएटरमध्ये खुर्च्या सोडून नाचतात, पोलिसांना बोलवावे लागते, म्हणून. ज्या गाण्याने आईबापांची झोप उडवली, ते आज आजीआजोबांचे गाणे कसे झाले? आपल्या वयाच्या वाचकांनी हे गाणे कधी ना कधी ऐकलेलेच असणार, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिते.

या गाण्याविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली, रॉक अँड रोलची सुरुवात याने झाली. दुसरी, हे तरुणांच्या बंडाचे गाणे आहे. मला दोन्ही मते पटत नाहीत.

आधी सुरुवातीचे पाहू. बिल हेली हा मूळचा गुराख्यांची, खेड्यापाड्यांची गाणी गाणारा गायक. त्याच्या वाद्यवृंदाचे नाव आधी 'सॅडलमेन' होते, १९५२ साली ते 'कॉमेट्स' झाले. जुन्या 'ब्लूज'ची बारा 'बार'च्या आवर्तनांची चाल, नाचता येईल असा झुलता ठेका, ओरडणारा सॅक्सोफोन, हे सारे काळ्या अमेरिकन कलावंतांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते. लुई जॉर्डनने १९४०च्या दशकात याच ठेक्यावर गावेच्या गावे नाचवली. जॅकी ब्रेन्स्टन आणि आइक टर्नरच्या मंडळींनी 'रॉकेट एटी एट' १९५१ साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित केले. पुष्कळ जाणकार पहिलेपणाचा मान त्याला देतात. हेलीने त्याच वर्षी तेही गाणे आपल्या पद्धतीने गायले. पुढे बिग जो टर्नरचे 'शेक, रॅटल अँड रोल' घेतले, ते त्यातले शय्येचे आणि स्त्रीदेहाचे उल्लेख गाळून. पाया दुसऱ्यांनी घातला आणि दारावर पाटी हेलीच्या नावाची लागली. हे ऋण मान्य केल्याशिवाय या गाण्याची स्तुती करणे बरोबर नाही.

आता बंडाचे. हे गाणे कोणी केले ते पाहा. लिहिणारे दोघे, मॅक्स फ्रीडमन आणि जेम्स मायर्स. त्यातले फ्रीडमन तेव्हा साठीच्या घरात होते. ध्वनिमुद्रण करून घेणारे मिल्ट गेबलर बेचाळीस वर्षांचे, न्यूयॉर्कच्या यहुदी घरातले. बेचाळीसाव्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचे दुकान होते, तिथे त्यांनी तबकड्या विकायला सुरुवात केली. हे तेच गेबलर, ज्यांनी १९३९ साली बिली हॉलिडेचे 'स्ट्रेंज फ्रूट' काढले. काळ्या माणसांच्या झाडाला टांगून केलेल्या हत्यांवरचे ते गाणे मोठ्या कंपनीने नाकारले होते. लुई जॉर्डनच्या तबकड्याही गेबलर यांनीच केल्या होत्या, आणि तोच ठेका त्यांनी हेलीच्या मंडळींकडून बसवून घेतला. खुद्द हेली अठ्ठावीस वर्षांचा, संसारी, एका डोळ्याने अधू. बंडखोर म्हणावा असा त्यांच्यात कोणी दिसत नाही.

१२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपल या सभागृहात ध्वनिमुद्रण झाले. फिलाडेल्फियाकडून येताना मंडळींची बोट वाळूत रुतली, पोचायला उशीर झाला. त्यातला बराच वेळ दुसऱ्याच गाण्यावर गेला. हायड्रोजन बाँबनंतर एक पुरुष आणि तेरा बायका उरल्या आहेत अशा कल्पनेचे ते गाणे तबकडीच्या मुख्य बाजूला जायचे होते. 'रॉक अराउंड द क्लॉक' मागच्या बाजूसाठी, उरलेल्या वेळात, घाईघाईने दोनदा गाऊन घेतले.

या घाईतही एक खरी कलाकृती झाली. ती शब्दांत नाही. शब्दांत काय आहे? घड्याळाचे तास, आणि त्या तासांबरोबर नाचत राहायचे, इतकेच. मी लहान असताना माझे मामा गोदीत नोकरीला होते. त्यांनी एका खलाशाकडून ही तबकडी आणली आणि भायखळ्याच्या आमच्या खोलीत वाजवली. पपा पेटी वाजवीत, कीर्तनाला साथ करीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, हे गाणं आहे की उजळणी?" मला वाटते, या गाण्याच्या शब्दांवर याहून नेमकी टीका कोणी केलेली नसेल.

पण मधल्या गिटारीला पपांनीही मान हलवली होती. ती डॅनी सेड्रोनची. कॉमेट्सचा तो कायमचा सदस्य नव्हता, ध्वनिमुद्रणापुरता बोलावलेला वादक होता. सगळे गाणे सव्वादोन मिनिटांचेही नाही, आणि त्यात त्याच्या वाट्याला काही सेकंद. तेवढ्यात तो स्वरांची अशी घसरगुंडी सोडतो की आजही तरुण वादक ती शिकायला महिनोन्‌महिने घालवतात. हाच तुकडा त्याने १९५२ साली हेलीच्याच 'रॉक द जॉइंट'मध्ये वाजवला होता. वेळ नसल्याने तोच पुन्हा वाजवला. दोन महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, जिन्यावरून पडून तो गेला. तेहतीस वर्षांचा होता. आपल्या त्या काही सेकंदांचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही.

कारण तबकडी तेव्हा फारशी चाललीच नाही. ती चालली पुढच्या वर्षी, 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटामुळे. तो चित्रपट एका शिक्षकाचा आहे. न्यूयॉर्कच्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत नवा शिक्षक येतो, वर्ग त्याला जुमानत नाही. दिग्दर्शक रिचर्ड ब्रूक्स यांना सुरुवातीला वाजवायला गाणे हवे होते. नायक ग्लेन फोर्ड यांचा मुलगा पीटर तेव्हा दहाएक वर्षांचा होता. आपल्या तबकड्यांतूनच हे गाणे निवडले गेले, असे त्याने मोठेपणी सांगितले आहे. थिएटरच्या मोठ्या आवाजात तो पहिला ठोका पडला आणि मुले उठून नाचू लागली. ९ जुलै १९५५ रोजी गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि आठ आठवडे तिथेच राहिले.

म्हणजे बंड गाण्यात नव्हते. ते चित्रपटाने गाण्याला चिकटवले. पण एकदा चिकटले ते निघाले नाही. या गाण्याचा खरा परिणाम मी इथे मानते: तरुणांचे गाणे वेगळे आणि थोरांचे वेगळे, ही रेघ त्याने जगभर ओढली. त्याआधी घरात एकच रेडिओ आणि सगळ्यांची तीच गाणी.

ही लाट मुंबईत यायला वेळ लागला नाही. १९५७ साली 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' आले. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. वाद्यवृंदात गोव्याचे वादक असत, आणि गाण्यातले 'माका नाका' हे कोकणी शब्द त्यांच्यातल्याच एकाने सुचवले अशी आठवण सांगतात. अण्णांनी हेलीची चाल उचलली नाही, त्यांनी मर्म उचलले. अशा गाण्याला अर्थ लागत नाही, जिभेवर नाचणारे शब्द लागतात, हे त्यांनी ओळखले. हेलीने तास मोजले, अण्णांनी मुलांच्या खेळातली डाव देण्याची मोजणी घेतली. पपांची उजळणी इथेही होतीच, आणि हे गाणे मात्र पपा स्वतः गुणगुणत.

आता एक कबुली देते. 'ब्लॅकबोर्ड जंगल' मी इथे नोकरीला लागल्यावर पाहिला. त्यात गणिताचे एक शिक्षक आपल्या जपलेल्या जॅझच्या तबकड्या वर्गात घेऊन येतात, मुलांना काही चांगले ऐकवावे म्हणून. मुले एकेक तबकडी उचलून हवेत भिरकावतात आणि फोडतात. तो प्रसंग पाहून मी रडले. पुढे नेगेवमध्ये इंग्रजी शिकवताना हेच घड्याळाचे गाणे मी वर्गात वाजवत असे. मोरोक्कोच्या, रुमानियाच्या, आपल्या घरांतल्या मुलांना इंग्रजीत वेळ सांगायला त्याने जितके लवकर शिकवले तितके कोणत्याच पुस्तकाने शिकवले नाही. पण त्याच वर्षांत एका मुलाच्या दप्तरात मला एक कॅसेट सापडली. धातूच्या पत्र्यावर कोणी हातोडे मारावेत असे संगीत. मी ती काढून घेतली आणि म्हटले, "वर्ष संपल्यावर मिळेल." वर्ष संपण्याआधीच त्याचे घर दुसऱ्या गावी गेले. कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात राहिली. निवृत्त झाले तेव्हा बाकीच्या कागदांबरोबर ती घरी आली.

मुलांनी शिक्षकाच्या तबकड्या फोडल्या हे सर्वांना आठवते. शिक्षकांनी मुलांच्या किती तबकड्या खणात घातल्या, त्याचा चित्रपट कोणी काढत नाही.

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. १९७३ साली 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटाची सुरुवात याच गाण्याने झाली, पुढच्या वर्षी 'हॅपी डेज' या मालिकेची झाली. वीस वर्षांत भीतीचे गाणे आठवणीचे गाणे झाले. हेली १९८१ साली पंचावन्नाव्या वर्षी वारला. पण ज्यांच्यासाठी ते गायले ती मुले गाणे घेऊन पुढे चालत राहिली, चाळिशीत, साठीत, आणि आता वॉकर धरून मोआदोनमध्ये. मॅक्स फ्रीडमन यांनी साठीच्या घरात लिहिलेले गाणे फिरून पुन्हा म्हाताऱ्यांकडे आले. मध्ये ओढलेली ती रेघ मग कितीशी खरी होती?

नात जाण्याआधी मी तिला म्हटले, तू ऐकतेस ते काहीतरी मला लाव. तिने लावले. मला शब्द एकही कळला नाही, ताल थोडा कळला. त्या रात्री खण उघडून कॅसेट बाहेर काढली. तिच्यावर त्या मुलाने निळ्या शाईने स्वतःचे नाव लिहिले आहे. तो आता पन्नाशीच्या पुढे असेल. त्या वर्गातल्या एकीशी माझे अजून बोलणे आहे, तिच्याकडे त्याचा पत्ता विचारला आहे.