म्यूट केलेलं शहर

सायलेंट डिस्को वॉकिंग टूर म्हणजे काय, ते आधी सांगतो. वीस-पंचवीस माणसं ठरलेल्या वेळी एका चौकात जमतात. प्रत्येकाला एक जाडजूड वायरलेस हेडफोन मिळतो, त्यावर रंगीत दिवा लुकलुकत असतो. पुढे होस्ट, त्याच्या तोंडाशी माइक. गाणं सुरू झालं की ही सगळी मंडळी शहराच्या रस्त्यांवरून तासभर नाचत, गात, हात उडवत चालतात. संगीत फक्त त्यांच्या कानात असतं. बाकीच्यांना दिसतात विनाकारण कंबर हलवणारी माणसं, आणि ऐकू येतं त्यांचं बेसूर गाणं.

मी ही टूर केली एडिनबरामध्ये, ऑगस्टात, फ्रिंज महोत्सव चालू असताना. रॉयल माइलवरून निघालो, सेंट जाइल्स कॅथीड्रलसमोरून पुढे, जॉर्ज फोर्थ ब्रिजकडे वळून व्हिक्टोरिया स्ट्रीटचा रंगीबेरंगी दुकानांचा उतार, आणि शेवटी ग्रासमार्केटचा लांबट चौक. मजा आली का? आली. हे आधीच नोंदवतो, नाहीतर पुढचं सगळं मजा न आलेल्या माणसाची कुरकुर म्हणून वाचलं जाईल.

मजा का येते, याचं उत्तर अर्धं तांत्रिक आहे. या हेडफोनमध्ये साधारणपणे ब्लूटूथ नसतं, रेडिओ असतो. होस्टच्या पाठीवरच्या पिशवीतला छोटा ट्रान्समीटर एकच सिग्नल सोडतो आणि सगळे हेडफोन तो एकाच क्षणी पकडतात. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागे पडतो आणि प्रत्येक हेडफोनमध्ये वेगळा मागे पडतो. तसं इथे होत नाही. म्हणून पंचवीस अनोळखी माणसांचे पाय एकाच ठेक्यावर पडतात. ऑक्सफर्डमधल्या ब्रॉनविन टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायलेंट डिस्कोचेच हेडफोन वापरून एक प्रयोग केला होता. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही गटांना एकाच संगीतावर एकसारख्या हालचाली दिल्या, काहींना वेगवेगळ्या. एका तालात नाचलेल्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त भरली आणि त्यांना एकमेकांबद्दल जवळीकही जास्त वाटली. कुणी हात धरून ओढल्याशिवाय वरातीत न नाचणारा माझ्यासारखा माणूस परक्या देशात भर रस्त्यात का नाचू शकतो, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. आपण पंचवीस जण आहोत आणि आपला ठेका एक आहे, एवढ्याने लाज निघून जाते.

प्रश्न पुढचा आहे. या प्रकाराच्या नावात 'टूर' आहे. टूर कशाची?

मला एक सोपी कसोटी सुचते: रस्ता बदलला तर कार्यक्रम बदलतो का? आमचा बदलला नसता. बस आली की प्रवाशांना हात करायचा, खांब दिसला की त्याभोवती फिरायचं, पायऱ्या दिसल्या की त्यावर एरोबिक्स. हे कुठल्याही शहरात चालेल, आणि चालतंच. ग्रासमार्केटमध्ये १७८४ पर्यंत जाहीर फाशी दिली जायची. जिथे फाशीचा खांब होता तिथे आज स्मारक आहे. धर्मासाठी मारल्या गेलेल्या कव्हेनंटर्सचं. तिथून जवळच आम्ही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी केली. यात पवित्र काही भंगलं असं मी म्हणत नाही. त्या चौकात 'द लास्ट ड्रॉप' नावाचा पबच आहे, फाशीच्या दोरावरचा झटका आणि ग्लासातला शेवटचा थेंब या दोन्हींवर कोटी करणारा. हे शहर स्वतःच्या इतिहासावर हसू शकतं. पण हसायला आधी तो माहीत असावा लागतो. आमच्या कानात त्याबद्दल एक वाक्यही आलं नाही. शहर होतं ते फक्त मागचा पडदा म्हणून.

हेडफोन लावून शहरात चालण्याने असंच व्हावं, असं काही नाही. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफने १९९९ साली लंडनसाठी 'द मिसिंग व्हॉइस (केस स्टडी बी)' हा ऑडिओ वॉक केला. व्हाइटचॅपलच्या लायब्ररीतून निघायचं आणि तिच्या आवाजामागे चालत लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपर्यंत पोचायचं. तिने त्याच रस्त्यांवरचे आवाज दोन्ही कानांच्या जागी माइक ठेवून रेकॉर्ड केले होते. त्यामुळे मागून आलेली पावलं रेकॉर्डिंगमधली की खरी, हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं आणि तो वळून बघतो. म्हणजे हेडफोन लावल्यावर शहर जास्त ऐकू येतं. गंमत म्हणजे त्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर २००९ साली हजारो लोक आपापले हेडफोन लावून नाचायला जमले आणि गर्दीमुळे स्टेशन काही काळ बंद करावं लागलं. जागा एक, यंत्र तेच. एका ठिकाणी ते शहराकडे लक्ष वेधतं, दुसऱ्या ठिकाणी शहर अडवून धरतं.

सायलेंट डिस्कोच्या बाजूने नेहमी एक गोष्ट सांगितली जाते: यात कुणाला त्रास नाही. या प्रकाराचा इतिहास पाहिला तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. २००५ साली ग्लास्टनबरी महोत्सवात रात्रीच्या आवाजाच्या मर्यादेमुळे हेडफोन आले. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणून गोव्यात पाळोळेच्या नेपच्यून पॉइंटवर हेडफोन पार्ट्या सुरू झाल्या. तिथली शांतता शेजाऱ्यांसाठी आहे आणि तिचं कौतुक करायलाच हवं.

पण भर दुपारी रॉयल माइलवर? तिथे आधीच बॅगपाइप वाजतोय, कोपऱ्यावर जादूगार ओरडतोय. आमचं मौन त्या दुकानांच्या वर राहणाऱ्यांसाठी नव्हतं. त्यांना तर आमचं ओरडणं ऐकूच येत होतं, तेही गाण्याशिवाय. या टूरबद्दलच्या तक्रारींची एडिनबराच्या नगरपालिकेत चर्चाही झालेली आहे. मी एका गाण्याला एक कान उघडा केला. पंचवीस माणसं कोरस येईपर्यंत गप्प, मग एकदम किंचाळ, पुन्हा गप्प. रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला एवढंच येतं.

त्याहून खटकलं ते वेगळंच. होस्ट येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल आमच्या कानात बोलत होता. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई समोरून आली. ही बघा आपली पुढची डान्सर, असं काहीसं तो म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. बोलणं वाईट नव्हतं. पण तिला काय दिसलं? पंचवीस अनोळखी माणसं एकाच क्षणी तिच्याकडे बघून हसली, आणि का हसली हे कळायला तिच्याकडे काही साधन नाही. तिने पदर सावरावा तसं जॅकेट सावरलं आणि रस्ता ओलांडला. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज होते आणि मग सगळे आपल्याकडे बघतात, तो अनुभव घेतलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं वाटेल, अशी धास्ती सोनीच्या अकिओ मोरिता यांना होती. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, कारण लोकांना ते नकोच होतं. सायलेंट डिस्कोच्या हेडफोनमध्ये तर परत जाणारी वाटच नाही. तो फक्त घेतो. एक बोलतो, पंचवीस ऐकतात, आणि ज्यांच्याबद्दल बोललं जातं ते रेंजबाहेर.

दर गणपतीत कुणीतरी लिहितंच, विसर्जन मिरवणुकीत सगळ्यांना हेडफोन वाटा म्हणजे झालं. डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरून गेलेल्या कुणालाही ही कल्पना पटेल. मलाही पटते, रात्रीपुरती. पण ती आणखी थोडी ताणून बघा. भिंत माझा न ऐकण्याचा हक्क काढून घेते. हेडफोन माझा ऐकण्याचा हक्क काढून घेतो. रस्त्यावरचा आनंद या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि ती जागा आपल्याला माहीत आहे. पालखी गावातून जाते तेव्हा टाळ-मृदंगाचा आवाज माणसाच्या मापाचा असतो. दिंडीला नंबर असतो, शिस्त असते, विणेकरी असतो. ती काही मोकाट गर्दी नाही. तरी कडेला उभी असलेली बाई चप्पल बाजूला काढून दोन फुगड्या घालते आणि परत कडेला येते. तिला कुणी तिकीट विचारत नाही. नको असेल त्याने गल्लीत वळावं, आवाज मागे राहतो.

एडिनबराचा फ्रिंजही मुळात असाच सुरू झाला. १९४७ साली अधिकृत महोत्सवाचं आमंत्रण नसलेले आठ नाट्यगट आपणहून आले आणि कडेकडेने प्रयोग करून गेले. न बोलावलेल्यांच्या महोत्सवात फक्त तिकीटवाल्यांनाच ऐकू येणारी मिरवणूक निघावी, हे मला विचित्र वाटतं.

दुरुस्ती अवघड नाही. होस्टने पाच हेडफोन जास्तीचे ठेवावेत आणि कडेला थबकलेल्याला एका गाण्यापुरता एक द्यावा. जे त्या माणसाला ऐकवता येणार नाही, ते त्याच्याबद्दल बोलू नये. चौकाबद्दल दोन वाक्यं सांगावीत, मग खुशाल आगगाडी करावी.

तोवर तिकीट काढू नका, असं मी म्हणणार नाही. नाचायला लाजणाऱ्यांनी तर जरूर जावं. फक्त एका गाण्याला एक कान उघडा ठेवा, आणि समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा बघा.