‘आवश्यकता-संकलन’ : एका संज्ञेची चिकित्सा

परस्परसंवादी संगणकप्रणालीची रचना आरंभण्यापूर्वी वापरकर्त्यांच्या आवश्यकता ‘गोळा’ कराव्यात, असा या शास्त्राचा रूढ संकेत आहे. या क्रियापदात एक गृहीत दडलेले आहे. आवश्यकता ही वापरकर्त्यापाशी आधीच सिद्ध असते, रचनाकाराने ती केवळ वेचून आणावयाची, हे ते गृहीत होय. भाषेच्या कसोटीवर ते टिकत नाही.

मराठीचाच दाखला घ्यावा. ‘मला यादी हवी’ हे इच्छेचे विधान आहे. ‘मला यादी लागते’ हे कामातील नित्य गरजेचे. ‘पाहिजे’ हे रूप तर दुहेरी आहे : ‘यादी पाहिजे’ यात मागणी आहे, ‘यादी केली पाहिजे’ यात कर्तव्य. आवश्यकतापत्रकात मात्र या सर्वांचे ‘प्रणालीने यादी दिली पाहिजे’ असे एकच वाक्य होते. इच्छा, गरज आणि सक्ती यांतील भेद तेथे पुसला जातो. इतकेच नव्हे, तर ‘मला’ जाऊन ‘प्रणालीने’ येते आणि बोलणाराच वाक्यातून नाहीसा होतो.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या धाडण्याचे काम नव्या संगणकप्रणालीवर सोपविले. दोन दिवसांतच तिची घडी विस्कटली. अपुरी चाचणी, घाईचे वेळापत्रक अशी कारणे अनेक होती. परंतु गाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा आवश्यकता ठरविण्यातील वाटा अल्प होता, हेही १९९३ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. प्रत्येक गाडीचे स्थान व स्थिती प्रणालीला अचूक कळत राहील, असे रचनेने मानले होते. प्रत्यक्षात बटणे क्रम सोडून दाबली जात, नेमलेल्या गाडीऐवजी दुसरीच नेली जाई. पूर्वी अशी तफावत नियंत्रणकक्षातील माणसे बोलून सावरून घेत. ते सावरणे हेही एक कामच होते. पण त्याला नाव नसल्यामुळे ते आवश्यकता म्हणून गणले गेले नाही.

ह्यू बायर व कॅरेन होल्ट्झब्लाट यांनी ‘कॉन्टेक्स्च्युअल डिझाइन’ (१९९८) या ग्रंथात यावर उपाय सुचविला आहे. वापरकर्ता गुरू व रचनाकार शिकाऊ, अशी त्यांची कल्पना असून काम चालू असतानाच ते पाहावे, असा त्यांचा आग्रह आहे. या पद्धतीचे खरे सामर्थ्य मात्र गुरु-शिष्याच्या रूपकात नाही. पाहिलेल्याचा लावलेला अर्थ तेथल्या तेथे वापरकर्त्यापुढे मांडून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावा, या तत्त्वात ते आहे. रूपकाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. शिकाऊ आपल्या गुरूवर अवलंबून असतो. रचनाकार मात्र आपले गुरू स्वतः निवडतो. कसे ऐकावे हे पद्धती सांगते. कोणाचे ऐकावे हा निर्णय बहुधा तिच्याही आधी, खर्च करणाऱ्याच्या दालनात झालेला असतो.

तात्पर्य, आवश्यकता गोळा होत नाही. ती दोन भाषांच्या सीमेवर, प्रश्न आणि उत्तर यांतून घडते. म्हणून पत्रकातील प्रत्येक विधानाशेजारी ते कोणी, कोणते काम करताना, कोणत्या शब्दांत उच्चारले याची नोंद असणे अगत्याचे आहे. ज्याचे शब्द जपले गेले नाहीत, त्याची गरज भागली किंवा नाही हे पुढे तपासावयाचे तरी कशावरून?