‘किम’ या चित्रपटातील वेषांतर व भाषा

मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन संस्थेने १९५० साली काढलेला ‘किम’ हा चित्रपट साहसपटांत आजही नावाजला जातो, आणि तो लौकिक सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या कादंबरीवरून व्हिक्टर सॅव्हिलने तो दिग्दर्शित केला. त्याचे काही चित्रीकरण हिंदुस्थानात झाले, तर डोंगरातील पुष्कळसे प्रसंग कॅलिफोर्नियातील खडकांवर उभे केले गेले. रंगांची उधळण आहे, घोड्यांची धावपळ आहे. पॉल लुकासने लामाची भूमिका संयमाने केली आहे. एरॉल फ्लिनचा महबूब अली पठाणापेक्षा फ्लिनच अधिक वाटतो. परंतु त्याच्या अंगच्या रगेला दाद द्यावीच लागते. चौदा वर्षांच्या आतबाहेरचा डीन स्टॉकवेल लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेल्या आयरिश पोराचे काम मन लावून करतो.

या गुणांविषयी वाद नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप वेगळा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला तो सुचणे स्वाभाविक आहे. या चित्रपटातील हेर कोणती भाषा बोलतो? उत्तर सोपे आहे : इंग्रजी. महबूब अली, लामा, बाजारातील माणसे, कर्नल क्रेटन, सारेच इंग्रजीत बोलतात. अमेरिकन प्रेक्षकांसाठी काढलेल्या चित्रपटाकडून याहून निराळी अपेक्षा करणे अव्यवहार्य होय, हे मान्य. तथापि या सोयीची किंमत कथेला मोजावी लागते, कारण किपलिंगच्या किमचे सारे हेरपण त्याच्या जिभेवर उभे आहे. तो देशी भाषा आवडीने बोलतो आणि इंग्रजी अडखळत बोलतो. किपलिंगने ही गोष्ट इंग्रजीच्याच दोन थरांतून साधली. पात्रे देशी भाषेत बोलत असतील तेव्हा त्यांच्या तोंडी जुन्या वळणाची भारदस्त इंग्रजी घालावयाची, आणि किम खरोखरच इंग्रजी बोलू लागला की ती तोकडी करून टाकावयाची, ही त्याची युक्ती आहे. लर्गन साहेब फुटलेले मडके पुन्हा सांधत असल्याचा भास किमला घडवू लागतो, तेव्हा तोवर हिंदीत विचार करणारा हा मुलगा इंग्रजीतील पाढ्यांचा आश्रय घेऊन त्या मोहिनीतून सुटतो. एका भाषेतून दुसरीत घेतलेली ही उडी कादंबरीतील एक मर्मस्थान आहे, आणि मुलाची निष्ठा कोणीकडे झुकणार हे तेथेच ठरते. सर्वांच्या तोंडी एकच इंग्रजी घालणाऱ्या चित्रपटात अशा उडीला जागाच उरत नाही.

मग हेरगिरीचे साधन म्हणून शिल्लक काय राहते? रंगविलेली कातडी आणि फेटा. वेष बदलला की माणूस बदलला, असा चित्रपटाचा भाबडा समज दिसतो. आपल्या खानदेशात हा समज एक दिवसही टिकणार नाही. धुळे, अमळनेर, पारोळे या बाजूस ‘आहे’ म्हणणारा परका आणि ‘शे’ म्हणणारा आपला, हे ओट्यावर बसलेले पोरही सांगेल. अहिराणीभाषक साधारणतः ‘माले’ म्हणतो, यावल-रावेरकडील लेवा गणबोली बोलणारा ‘मले’ म्हणतो. एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घतेवरून माणसाचे गाव हेरता येते. येथे ज्याला खपून जावयाचे असेल त्याने रंगाची डबी न आणता स्वरांची जाण आणावी.

हा दोष केवळ भाषिक तपशिलाचा असता तर त्यासाठी एवढी शाई खर्चावयाचे कारण नव्हते. परंतु भाषा काढून टाकली की तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट निघून जाते : हेर आणि संशोधक यांचे सख्य. कादंबरीतील कर्नल क्रेटन हा बाहेरून मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचा अधिकारी आहे. त्याचा हस्तक हरी बाबू हा एम. ए. झालेला बंगाली हेर असून लोकाचारांवरील टिपणांच्या बळावर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळावे म्हणून तळमळत असतो. किपलिंग त्याची थट्टा करतो. पण त्याला जिवंत ठेवतो आणि यशही देतो. चित्रपटात हरी बाबू मारला जातो आणि शत्रूचा निकाल महबूब अली डोंगरावरून दरड लोटून लावतो. ज्ञानाच्या जागी दगड आले. मानववंशशास्त्र आणि साम्राज्यसत्ता यांची क्रेटनच्या ठायी झालेली सांगड एडवर्ड सैद यांनी आपल्या विवेचनात दाखविलीच आहे. चित्रपटाने ती सोडवून टाकली, आणि हेरगिरी हा एका धाडसी पोराचा निरागस खेळ होऊन बसला.

ही सांगड किपलिंगच्या कल्पनेची उपज नव्हे. नैनसिंग रावत याने १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंतची वाट पावले मोजीत काढली. त्यासाठी त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. पुढे १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. शरच्चंद्र दास या बंगाली गृहस्थांना हरी बाबूचा मूळ नमुना मानण्याकडे अनेकांचा कल आहे. इंग्रज सरकारसाठी तिबेटात जाऊन आलेल्या या गृहस्थांचा तिबेटी-इंग्रजी कोश १९०२ साली प्रसिद्ध झाला. कोशकार आणि हेर एकाच देहात नांदू शकतात, याचा याहून सरळ दाखला नको.

आता आपल्या घराकडे वळू. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. आपल्या विभागात अहिराणीवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून तो जातो. परंतु त्याच्या मुखपृष्ठावरील नावे एकामागून एक वाचण्याचे कष्ट थोडेच घेतात. भिल्ली भाषा, खानदेशी, बंजारी, बहुरूपिया. ज्यांचा पिढीजात व्यवसाय वेषांतराचा त्यांची बोली आणि आपली बोली एकाच पुस्तकात नोंदली गेली. वर्गीकरणाची कारणे भाषाशास्त्रीय होती, आणि ग्रिअर्सनला हेर ठरविणे हा शुद्ध अन्याय होईल. पण ‘उधळ्या पुत्रा’चा दृष्टांत त्या त्या बोलीत उतरवून घेण्याचे काम बव्हंशी जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेकडून झाले, हे विसरता येत नाही. १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावास होते. एखाद्या भिल्लाने आपले वाक्य सरकारी माणसास सांगितले असेल, तेव्हा समोरच्या कागदाचा त्याने कोणता अर्थ लावला असेल, याचा विचार नमुन्याच्या विश्वसनीयतेसाठी तरी केला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी एम. केनेडी यांचे तथाकथित गुन्हेगार जमातींवरील पुस्तक आले. त्यात जमातवार बोलीची वैशिष्ट्ये आणि वेषांतराच्या तऱ्हा शेजारी शेजारी दिल्या आहेत. ओळखून पकडता यावे, हा त्यामागील उघड हेतू. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. ती टिपणे मात्र आमच्या संदर्भसूचीतून रद्द झालेली नाहीत.

म्हणूनच ‘किम’ हा चित्रपट वर्गात दाखवावा, आणि कादंबरी वाचून मग दाखवावा, असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. त्यांच्या वस्त्यांवर ध्वनिमुद्रक घेऊन जाणारे आमचे विद्यार्थी बहुधा त्यांच्यातीलच असतात. बोली येते, नाते सांगता येते, ओट्यावर चहा मिळतो. किमचीही स्थिती याहून वेगळी नव्हती. लामा त्याला चेला म्हणून जवळ करतो आणि मुलगाही त्याच्यावर मनापासून माया करतो. परंतु त्याच यात्रेच्या आडून क्रेटनचे काम चालते. चित्रपटात लामा अखेरीस आपल्या नदीचे दर्शन घेऊन मरतो, आणि किमने कोणासाठी प्रवास केला हा प्रश्न विचारावयास कोणी उरत नाही. कादंबरीत लामा जगतो. प्रश्न तेथेही उघडपणे विचारला जात नाही, पण विचारणारा माणूस समोर बसलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका भटक्या जमातीच्या पालावर मी शब्दसंग्रह करीत होतो. नात्यांची, धान्यांची, अवयवांची नावे झाली. परक्यासमोर आपसात वापरावयाच्या सांकेतिक शब्दांकडे मी वळलो, तेव्हा आतापर्यंत हसत बोलणारे वृद्ध गृहस्थ थांबले आणि त्यांनी विचारले, “मास्तर, हे शब्द कुठं जानार?” ग्रंथालयात, असे मी म्हणालो. “आनि तिथून?” मला उत्तर देता आले नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन तेरा शब्द सांगितले. ते माझ्या वहीत आहेत, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात मी ते घातले नाहीत.