नाकावरच्या दोन खुणा

सिडनी लुमेट यांच्या १९५७ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ची सुरुवात आपल्या परिचयाची आहे: न्यूयॉर्कमधली उकाड्याने तापलेली ज्युरीची खोली, बापाच्या खुनाचा आरोप असलेला १८ वर्षांचा मुलगा आणि ‘दोषी’ म्हणत वर गेलेले अकरा हात. हेन्री फोंडा यांनी साकारलेला आठवा पंच तेवढा हात वर करत नाही. मुलगा निर्दोषच आहे असा त्याचा दावा नसतो. एका जिवाचा निकाल लावण्याआधी थोडं बोलूया, एवढंच त्याचं मागणं. पुढे त्याने टेबलावर रोवलेला, खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू सगळ्यांच्याच लक्षात राहतो. माझं मन मात्र चष्म्यापाशी रेंगाळतं.

चौथा पंच, ई. जी. मार्शल यांचा शेअर दलाल, त्या खोलीतला सर्वांत संयत माणूस. घामाघूम झालेल्या मंडळींत कोट न काढता बसलेला, आवाज न चढवता मुद्देसूद बोलणारा. धडधडत जाणाऱ्या गाडीच्या डब्यांतून पलीकडच्या घरातला खून पाहिलेल्या बाईची साक्ष त्याला अभेद्य वाटते. बोलता बोलता तो चष्मा काढतो आणि नाकाच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून चोळतो. किती साधी, नकळत झालेली हालचाल! पण म्हाताऱ्या नवव्या पंचाची नजर तिथेच खिळते, कारण साक्षीच्या वेळी त्या बाईच्या नाकावरही अशाच खुणा त्याने पाहिलेल्या असतात. कोर्टात ती चष्म्याविना आली होती. मग खून दिसला तेव्हा, झोपेसाठी बिछान्यात पडलेली असताना, तरी तिच्या डोळ्यांवर चष्मा असेल का?

इथे आपण क्षणभर थांबून पाहावं, की हा शोध कुणा एकट्याच्या बुद्धीचा नाही. खूण एकाच्या चेहऱ्यावर, नजर दुसऱ्याची, तिचा धागा बिछान्यापर्यंत नेणारा तिसरा. आणि वकिलांच्याही नजरेतून निसटलेली गोष्ट बारा जणांनी एकमेकांसमोर बसून एकमेकांकडे पाहिल्यामुळेच उजेडात येते. छायालेखक बोरिस कॉफमन यांचा कॅमेराही सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो आणि हळूहळू खाली उतरत, भिंती जवळ आणत, अखेरीस या चेहऱ्यांना अगदी भिडतो. बासू चॅटर्जींनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’मध्ये ही खोली हिंदीत आणली, तेव्हा आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांतून ज्युरी हद्दपार झाली होती, तरी ती चर्चा परकी वाटली नाही, ती या निरखण्यामुळेच.

आणि चौथ्याचं मतपरिवर्तन तर किती देखणं! त्याच्या चेहऱ्यावर पराभवाचा लवलेश नाही. ज्या तर्काने तो मुलाला दोषी ठरवत होता, त्याच तर्काने, त्याच शांत स्वरात तो सांगतो, की आता आपल्या मनात रास्त शंका आहे. खून कुणी केला हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं, आणि चित्रपट संपल्यावर आपल्यालाही नाही.