पाचशे धनूंचे अंतर : कोकणातील लेणी आणि भौगोलिक माहिती-प्रणाली

बौद्धविद्येच्या अभ्यासात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या साधनाने आपले स्थान निर्माण केले आहे. त्यास भौगोलिक माहिती-प्रणाली असे म्हणतात. संगणकाशी परिचय असलेले वाचक त्यास ‘जीआयएस’ या नावाने ओळखतात. नदी, डोंगर, गाव, रस्ता, लेणे, शिलालेख यांची माहिती निरनिराळ्या थरांत साठवावयाची, प्रत्येक नोंदीस अक्षांश-रेखांश जोडावयाचे, आणि मग हे थर एकावर एक ठेवून त्यांतील परस्परसंबंध शोधावयाचे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. साधन उपयुक्त आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याच्या वापराविषयी, आणि ती येथे मांडण्यास निमित्त झाले आहे रोह्याजवळचे धाटाव.

काही काळापूर्वी एका चर्चासत्रात कोकणातील प्राचीन बौद्ध स्थळांचा असा एक नकाशा आमच्या पाहण्यात आला. कुडा, महाडजवळील गांधारपाले, ठाणाळे, खडसांबळे, चौल ही स्थळे लाल ठिपक्यांनी दाखविली होती. प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ काढले होते. त्या वर्तुळात येणारी गावे विहाराच्या भिक्षाटनाच्या व दानाच्या कक्षेतील मानावीत, असे गृहीत होते. या वर्तुळांच्या बाहेर राहिलेला कुंडलिका नदीचा मधला पट्टा, म्हणजे कोलाड, धाटाव, रोहा हा भाग, पांढरा सोडलेला होता. आणि कोपऱ्यातील सूचीत पांढऱ्या रंगापुढे ‘बौद्ध अवशेष नाहीत’ असे छापले होते. धाटाव परिसराची पाहणी कोणी व केव्हा केली, असे आम्ही विचारले. उपलब्ध याद्यांत तेथील नोंद नाही, असे उत्तर मिळाले. नोंद नसणे आणि अवशेष नसणे यांतील अंतर नकाशा करणाऱ्यास ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्याच्या तक्त्यात या दोहोंसाठी एकच रकाना होता.

याच जिल्ह्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतील शिलालेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वर्षी कोणी असा रंगीत नकाशा केला असता, तर सुधागडच्या डोंगरांचा भागही पांढराच राहिला असता. पुढे दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, हेन्री कझेन्स यांनी नाडसूर (ठाणाळे) व खडसांबळे येथील लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो पांढरा रंग पुसला गेला. गोमाशीच्या गुहेतील बुद्धमूर्ती ग्रामस्थांच्या तोंडी भृगुऋषी या नावाने आहे. नावांच्या यादीवर विसंबणारा संगणक तेथे बुद्ध शोधणार नाही.

धाटावच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून ती प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची आहे. कारखान्याची वाढ, रस्त्याचे रुंदीकरण, जलवाहिनीची आखणी यांसारख्या कामांत आता अशाच संगणकीय थरांचा आधार घेतला जातो. ज्या जागी पुरातत्त्वाच्या थरात काही दिसत नाही, तेथे थांबून पाहण्याचे कारण कोणास उरत नाही. अभ्यासकाच्या नकाशातील निष्काळजी पांढरा रंग अशा रीतीने खोदकामाचा परवाना ठरू शकतो. आणि एकदा उकरलेली टेकडी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येत नाही.

या साधनाने काय साध्य होते याचे उत्तम उदाहरण सांचीचे आहे. ज्युलिया शॉ यांनी १९९८ पासून सांचीभोवतालच्या सुमारे साडेसातशे चौरस किलोमीटर प्रदेशाची पाहणी केली आणि तिचे फलित २००७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. सांची, सोनारी, सातधारा, भोजपूर, अंधेर या पाच स्थळांपलीकडे जाऊन त्यांनी वस्त्या, विहार आणि प्राचीन बंधारे एकाच भूप्रदेशाचे घटक म्हणून अभ्यासले. आम्हांस त्यात विशेष मोल वाटते ते सहकार्याचे. बंधाऱ्यांच्या मागे किती पाणी साठत असावे याचे गणित सटक्लिफ या जलशास्त्रज्ञाने केले. बंधाऱ्यांतील गाळाचे वय प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने काढण्यात आले. गाळातील परागकण तपासले गेले. भिक्खुसंघ आणि शेतीचे पाणी यांचा संबंध हा एरवी अनुमानाचा विषय राहिला असता. निरनिराळ्या विद्यांच्या माणसांनी एकाच नकाशावर आपापली माहिती ठेवल्यामुळे तो तपासण्याजोगा झाला. यातले बहुतेक ठिपके पायी फिरून मिळविलेले आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लुईस लँकेस्टर यांचा. कोरियन त्रिपिटकाची वर्णनात्मक सूची करणाऱ्या या बौद्धविद्या-पंडिताने १९९७ मध्ये संगणकीय सांस्कृतिक नकाशासंग्रहाची योजना सुरू केली. देशोदेशीच्या अभ्यासकांनी आपली माहिती स्वतःकडेच ठेवावी, परंतु स्थळ आणि काळ या दोन सामाईक सूत्रांनी ती एकमेकांस जोडावी, ही त्यामागील कल्पना. ग्रंथाच्या अभ्यासकानेच असे साधन हाती घ्यावे, हे आम्हा पालीच्या विद्यार्थ्यांना विचार करावयास लावणारे आहे. आपल्याकडे मात्र पालीच्या अभ्यासकाकडून अपेक्षा असते ती चार नावांचे शुद्ध रूप सांगण्याची. त्यानंतर त्यास चहा देऊन निरोप दिला जातो.

आता त्या वर्तुळांकडे वळू. विहार गावापासून किती दूर असावा याचा विचार पाली वाङ्मयात झालेला आहे. वेळुवनाच्या दानप्रसंगी बिंबिसार राजाच्या मनात आलेला विचार महावग्गात आहे : जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळ नसावी, जाण्यायेण्यास सोयीची असावी. नकाशाकार यातील पहिली दोन पदे घेतो व त्यांचे किलोमीटर करतो; तिसरे पद त्याच्या हातून सुटते. वस्तुतः सारा अर्थ त्या जाण्यायेण्यात आहे.

याहून नेमका विचार विसुद्धिमग्गात आहे. आरण्यक भिक्षूचे निवासस्थान गावापासून किमान पाचशे धनूंवर असावे, असा विनयाचा दंडक. धनुष्य चार हातांचे धरल्यास हे अंतर साधारण एक किलोमीटरच्या आत-बाहेर येते. पण बुद्धघोष केवळ आकडा देऊन थांबत नाही. मोजावयाचे कोठून? तटबंदी असलेल्या गावाच्या वेशीवरील इन्दखीलापासून. तटबंदी नसेल तर ढेकूळ फेकले असता ते जेथे पडेल तेथून. मोजावयाचे कोठपर्यंत? विहाराच्या कुंपणापर्यंत. मज्झिमनिकायाच्या अट्ठकथेत याविषयी निराळी रीत सांगितली आहे, हेही तो नोंदवितो आणि तीच प्रमाण मानतो. यापुढील सूचना आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. गाव जवळ आहे, विहारात उभे राहिले असता माणसांचे आवाजही ऐकू येतात, परंतु मध्ये डोंगर वा नदी असल्यामुळे सरळ जाता येत नाही. अशा वेळी नेहमीच्या वाटेने अंतर मोजावे, आणि जाणे-येणे नावेने होत असेल तर नावेच्या मार्गाने. अंतर भरून काढण्यासाठी जवळच्या वाटा मुद्दाम बंद करणाऱ्या भिक्षूस तो धुतंगचोर म्हणतो.

सरळ रेषेचे अंतर आणि वाटेचे अंतर हा भेद आजच्या भूमिती-पंडितांना फार आधुनिक वाटतो. तो पाचव्या शतकातील अट्ठकथाकाराने विहाराच्या व्यवहारासाठी करून ठेवलेला आहे. (हा ग्रंथ नागरी लिपीत संपादून मराठी वाचकांच्या हाती देणारे धर्मानंद कोसंबी, आणि लेण्यांजवळून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा पायाखाली घालणारे त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी, ही जोडी या संदर्भात वारंवार आठवते. वडिलांचा ग्रंथ आणि मुलाचा नकाशा यांची गाठ अजून कोणी घातलेली नाही.)

कोकणास हा नियम लावून पाहावा. धाटावपासून कुड्याची लेणी सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर असावीत; परंतु मध्ये डोंगररांगा आहेत, आणि कुडा राजपुरीच्या खाडीवर तर धाटाव कुंडलिकेवर आहे. कुंडलिका रेवदंड्यापाशी, प्राचीन चेमुल म्हणजे चौलच्या दाराशी, समुद्रास मिळते. ते मुख सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कुड्याहून दूर. तथापि भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या नावेच्या हिशेबाने रोहा-धाटावचा पट्टा कुड्यापेक्षा चौलच्या अधिक जवळ ठरण्याचा पूर्ण संभव आहे. वर्तुळ काढणाऱ्याने त्यास कुड्याच्या कक्षेबाहेर टाकले; नावेची वाट मोजणाऱ्याने तेथे प्रथम शोध घेतला असता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उपग्रहाच्या चित्रात कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते. त्यावरून प्राचीन काळी येथे बारमाही जलमार्ग होता असा निष्कर्ष काढणे मोठी चूक ठरेल. हे पाणी मुळशीचे आहे. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाल्यापासून सह्याद्रीच्या पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी पश्चिमेस वळविले गेले आणि वीज निर्माण करून ते कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडच्या नौकाविहाराचा आनंदही त्याच पाण्यावर चालतो. पुढे डोलवहाल येथे बंधारा आहे. खाली खाडीकाठची खारजमीन बांध घालून शेतीखाली आणलेली आहे, त्यामुळे आजचा काठ हा प्राचीन काठ नव्हे. ज्या धरणाविरुद्ध मुळशीचे शेतकरी सत्याग्रहात उतरले, त्याच धरणाच्या पाण्यावर वाहणारी नदी अनभिज्ञ संगणकाच्या दृष्टीने सातवाहनकालीन ठरते. जलशास्त्रज्ञ या कामात हवा तो यासाठी.

अनिश्चिततेचा दुसरा प्रकार नावांचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत सेमिल्लानंतर मंदगोरा हे बंदर येते. काहींनी ते कुड्याजवळचे मांदाड मानले. कुड्याच्या लेखांतील महाभोज ‘मांदव’ या कुलनामाशीही त्याचा संबंध जोडला गेला. शॉफ यांनी १९१२ मध्ये ते सावित्रीच्या मुखावरील बाणकोट असावे असे म्हटले. दोहोंत तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर आहे. चर्चासत्रातील नकाशात मंदगोरा मांदाड येथे एका स्वच्छ ठिपक्याने दाखविले होते, आणि त्याचे अक्षांश दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत दिले होते. पाचव्या स्थळाची सूक्ष्मता म्हणजे साधारण एक मीटर! शंका पस्तीस किलोमीटरची आणि अचूकता एका मीटरची, असा हा विनोद आहे.

कुड्याच्या दात्यांमध्ये कऱ्हाडचा लोहवाणी महिक आहे. कऱ्हाड ते कुडा अशी सरळ रेघ सह्याद्रीवरून ओढून तिला ‘व्यापारी मार्ग’ म्हटलेले आम्ही पाहिले आहे. शिलालेख एवढेच सांगतो की दाता कऱ्हाडचा म्हणविला जात होता. तो कोणत्या घाटाने उतरला, की दोन पिढ्या बंदरावरच राहत होता, याविषयी लेख मौन पाळतो. तीच गोष्ट कान्हेरीच्या लेखांतील चेमुलच्या हेरणिकाची : त्यास सोनार म्हणावे की कोषाधिकारी, यावर तक्त्यातील ‘व्यवसाय’ हा रकाना अवलंबून आहे, आणि रकान्यात पर्याय निवडणारा बहुधा पाली वा प्राकृत जाणणारा नसतो.

पाली ग्रंथाचे संपादन करताना आम्ही सिंहली, बर्मी, सयामी प्रतींतील पाठभेद पानाच्या तळाशी देतो. संपादकाने स्वीकारलेला पाठ वर असतो. नाकारलेला पाठ नाहीसा होत नाही. त्यामुळे पुढचा अभ्यासक पहिल्यास चूक ठरवू शकतो. नकाशास असा तळ नाही. असा तळ करणे या प्रणालीत अशक्य मुळीच नाही. उलट कागदी नकाशापेक्षा ते येथे सोपे आहे, कारण एका ठिपक्यामागे वाटेल तितके रकाने ठेवता येतात. स्थळनिश्चिती कोणी केली, कोणत्या पुराव्यावर केली, प्रत्यक्ष पाहून की ग्रंथावरून, दुसरे मत कोणाचे, आणि परिसर पायी पाहिला असल्यास कोणत्या ऋतूत, एवढे तरी हवे. शिलालेखांना ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या सूचीतील क्रमांक द्यावेत, म्हणजे भूगोलाचा अभ्यासक आणि लिपीचा अभ्यासक एकाच लेखाविषयी बोलत आहेत याची खात्री राहील. असुरक्षित स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र सर्वांस खुले करू नयेत. मूर्तिचोरांनाही नकाशा वाचता येतो.

पूर्वी साधनांची अडचण खरी होती. आमच्या विद्यार्थिदशेत किनारपट्टीचे मोठ्या प्रमाणावरील सर्वेक्षण-नकाशे सामान्य अभ्यासकास सहज पाहावयास मिळत नसत. २००९ पासून ‘भुवन’वर उपग्रहचित्रे उपलब्ध आहेत, आणि २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशांविषयीचे निर्बंध पुष्कळ सैल केले. आता उणीव उरली आहे ती एकत्र बसण्याची : जलशास्त्रज्ञ, भूगोलज्ञ, प्राकृत जाणणारा, आणि कुंडलिकेत होडी घालणारा कोळी. शेवटच्यास चर्चासत्रात बोलावण्याची प्रथा अद्याप नाही. पण भरती कोठवर चढते, कोणत्या वळणावर जुने दगड जाळ्यास लागतात, हे त्यास विचारल्याखेरीज कळणार नाही.

त्या नकाशाची सुधारित प्रत निघणार आहे, असे कळते. तिच्यात धाटावची नोंद पुढीलप्रमाणे करावी, असे आम्ही कळविले आहे : स्थळ, धाटाव, तालुका रोहा, नदी, कुंडलिका, १९२७ नंतर प्रवाह बदललेला, चौलपर्यंतचे अंतर, जलमार्गाने मोजावयाचे, शिलालेख, ज्ञात नाही, पायी पाहणी, झालेली नाही, रंग, पांढरा नको.