‘संगीत ही भाषा आहे’ : एका लाडक्या वाक्याची उलटतपासणी

(व्याख्यानाचं शब्दांकन)

मैफल सुरू होण्याआधी निवेदक एक वाक्य हमखास म्हणतात, ‘संगीत ही विश्वाची भाषा आहे.’ आपण माना डोलावतो, तंबोरे जुळतात, गाणं सुरू होतं आणि वाक्य विसरलं जातं. आज ते विसरायचं नाही. ते खरं आहे का, आणि असेल तर किती, एवढंच बघायचं आहे.

हे वाक्य सगळ्यात गंभीरपणे घेतलं ते लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक, स्वतः मोठे संगीतकार. १९७३ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात सहा व्याख्यानं दिली. नाव होतं ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’, म्हणजे अनुत्तरित प्रश्न. चॉम्स्कींच्या भाषाविज्ञानाचा तेव्हा बोलबाला होता. माणसाच्या मनात व्याकरणाची जन्मजात क्षमता असते, वरवर दिसणाऱ्या वाक्याखाली एक खोल रचना असते, असं चॉम्स्की म्हणत होते. बर्नस्टाईन म्हणाले, मग संगीताचंही असंच असणार. आणि पियानोपाशी बसून ते सिद्ध करायला निघाले.

ही व्याख्यानं आजही ऐकावीत अशी आहेत. माणूस विलक्षण बोलतो. पण नेमकं म्हणतो काय? संगीतातली छोटी सुरावट म्हणजे नाम, तिला रंग देणारे संवादी स्वर म्हणजे विशेषण आणि लय म्हणजे क्रियापद. ऐकायला छानच वाटतं. पण जरा थांबा. मराठीत नाम कसं ओळखतो आपण? त्याला विभक्ती लागते. क्रियापद कसं ओळखतो? त्याला काळ लागतो. आता गंधाराला चतुर्थी लावून दाखवा. (हशा) लय तर प्रत्येक सुरातच असते, कारण प्रत्येक सूर कितीतरी वेळ टिकतोच. म्हणजे प्रत्येक नामाच्या पोटात क्रियापद आलं! मग दोन वेगळ्या जाती राहिल्या कुठे?

दुसरं उदाहरण मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचं. तिच्या सुरुवातीची एक ठोकळेबाज, दोन्ही बाजूंनी सारखी अशी आवृत्ती बर्नस्टाईन वाजवतात. ही खोल रचना, म्हणतात, आणि यातले तुकडे गाळले की मोझार्ट मिळतो. आता भाषेतलं गाळणं बघा. ‘मी चहा घेतला आणि तिने कॉफी.’ दुसरं ‘घेतली’ मी बोललो नाही, तरी तुम्ही ते भरून घेतलंत. नाही भरलं तर वाक्याला अर्थच राहत नाही. मोझार्ट ऐकताना मात्र ती ठोकळेबाज आवृत्ती कुणीच मनात भरून घेत नाही. ती मोझार्टच्या नव्हे, बर्नस्टाईन यांच्या मनात होती. माझा आक्षेप इथे आहे. उपमेचं रूपांतर त्यांनी पुराव्यात केलं.

मग सगळं मोडीत काढायचं का? नाही. आपल्या घरचं उदाहरण घेऊ. भूप आणि देशकार. स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. पण भूपात वादी गंधार, देशकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी, दुसरा सकाळी. जाणकार श्रोता दोन-चार आलापांत सांगतो, हा देशकार. आता शब्दांकडे या. ‘वाघाने हरणाला मारलं’ आणि ‘हरणाने वाघाला मारलं.’ शब्द तेच, अर्थ उलटा. म्हणजे दोन्हीकडे सामग्री तीच राहून रचनेने फरक पडला. इथपर्यंत साम्य खरं आहे.

पण फरक कशाचा पडला ते बघा. वाक्यात कोण मेलं ते बदललं. देशकारात कोण मेलं? कुणीच नाही. तिथे फक्त वजन सरकलं. कुठला स्वर मुक्कामाचा आणि कुठला वाटेवरचा, एवढं बदललं. संगीतात कर्ता नाही, कर्म नाही, नकार नाही. ‘आज पाऊस आला नाही’ यातलं ‘नाही’ मल्हारात गाऊन दाखवता येत नाही. वाक्य खोटं असू शकतं. यमन बेसूर होईल, बिघडेल, पण खोटा होणार नाही.

हीच गोष्ट फ्रेड लेरडाल आणि रे जॅकेनडॉफ यांनी पाश्चात्त्य संगीताबद्दल शिस्तीत मांडली. एक संगीतकार, दुसरा भाषावैज्ञानिक. बर्नस्टाईन यांच्या व्याख्यानांनंतर त्याच शहरात, एमआयटीत, या विषयावर एक चर्चामंडळ सुरू झालं. त्यातून पुढे १९८३ साली या दोघांचा ग्रंथ आला. त्यात नाम-क्रियापद नाहीत. कुठला स्वर अधिक स्थिर, कुठला त्याची सजावट, ताण कुठे वाढतो आणि कुठे सुटतो, याचे वृक्ष आहेत. चुकीच्या उपमेतून बरोबर प्रश्न निघाला, हे बर्नस्टाईन यांचं श्रेय मी नाकारणार नाही.

मग मनात दोघांचं सामाईक काय? वाट बघणं! मी म्हणालो, ‘काल मंडईतून आईने आणलेले ते पिकलेले आंबे सकाळी...’ आणि थांबलो. तुम्ही सगळे क्रियापदासाठी खोळंबलात ना? तिहाई ऐकताना हेच होतं. दुसरा तुकडा संपेपर्यंत तिसरा कुठे उतरणार ते कळतं, आणि समेवर आपली मान आधीच निघालेली असते. मागचं धरून ठेवायचं आणि पुढचं ताडायचं, हे काम दोन्हीकडे आहे. अनिरुद्ध पटेल यांनी २००३ साली मांडलेलं गृहीतक याच्या जवळचं आहे. शब्दांचा साठा वेगळा, स्वरांचा साठा वेगळा, पण रचना जुळवत नेणारी मेंदूतली यंत्रणा बरीचशी एकच.

आता विसारियोन शेबालिन. रशियन संगीतकार. १९५९ साली दुसऱ्यांदा पक्षाघाताचा झटका आला. बोलणं आणि समजणं, दोन्ही फार बिघडलं. तरी ते संगीत रचत राहिले आणि १९६२ साली पाचवी सिंफनी पूर्ण केली. त्यांचा अभ्यास अलेक्सांद्र लुरिया यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. भाषा गेली, संगीत राहिलं. पटेल यांचं यावर म्हणणं असं, की आयुष्यभर स्वरांत मुरलेल्या माणसावरून सगळ्यांचा मेंदू ठरवू नये. आणि वाचाघात झालेल्या, संगीतात न मुरलेल्या काही रुग्णांना स्वररचनेतली चूक ओळखणंही जड जातं, असं आढळलेलं आहे. म्हणजे भिंत आहे, पण तिला दार आहे.

हे मी इतकं ताणून का सांगतोय? आमच्या मामांना अर्धांगवायू झाला. पाणी हवं असेल तर ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. पण संध्याकाळी आरती सुरू झाली की अख्खी आरती, शब्दन्‌शब्द, ते म्हणायचे. घरात आनंदीआनंद. आणि मग हळूहळू दुसरा सूर लागला : ‘गाता येतं ना, मग बोलत कसे नाहीत? मनावर घेत नाहीत.’ मामीने एकदा पाण्याचा तांब्या समोर धरला आणि म्हणाली, आधी म्हणा, मग देते. मामा रडले.

दोष मामीचा नव्हता. गाणं म्हणजे बोलणंच, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. आरती त्यांच्याकडे एकसंध गाठोडं म्हणून शिल्लक होती. त्यातला एक शब्द सुटा काढून नवं वाक्य करणं, ही भाषा. आणि तीच गेली होती.

म्हणून बर्नस्टाईन यांचं ऐकावं, पियानोसाठी तर जरूर ऐकावं. पण पुढच्या वेळी निवेदक ते वाक्य म्हणाले की मान डोलावण्याआधी एक मात्रा थांबा. संगीत भाषेची सख्खी बहीण असेलही. तिचं नाव मात्र वेगळं आहे, आणि तिला त्याच नावाने हाक मारलेली बरी.

आता तुमचे प्रश्न.